विश्लेषण : दाढीचा ब्रश उलटा टांगायचा की उभा ठेवायचा? पावसाळ्यात तो वाळत का नाही?

पनवेल परिसरात पाऊस एकदा स्थिरावला की घरातल्या न वाळणाऱ्या वस्तूंची यादी वाढत जाते. जीन्स, टॉवेल, पायपुसणी, शाळेचे बूट. या यादीत दाढीचा ब्रश सहसा नसतो. तो वाळलेला आहे, असेच सगळे धरून चालतात. सकाळी दाढी झाली, ब्रश नळाखाली धरला, एकदा झटकला आणि आरशाच्या फळीवर किंवा मगात उभा केला, की काम संपले. संध्याकाळी बोट लावले तर केसांची टोके कोरडी लागतातही. पण तोच झुबका बोटांनी फाकवून बुडाशी टिश्यू पेपर दाबला तर कागद ओला होतो. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या बुडावर पुन्हा पाणी आणि फेस चढतो.

काही महिन्यांनी ब्रशला कुबट वास येऊ लागतो, केस गळून गालाला चिकटतात, मूठ आणि केस यांच्या सांध्यात काळी रेघ दिसते. मग दोष ब्रशच्या कंपनीला दिला जातो आणि नवा ब्रश येतो. हल्ली त्याच्याबरोबर स्टँडही विकत घेतले जाते. ब्रश उलटा टांगला की पाणी आपोआप खाली निथळते, असे स्टँडच्या जाहिरातीत सांगितलेले असते. हे कितपत खरे आहे? आणि करंजाडेसारख्या वसाहतीतल्या घरात ब्रश ठेवायचा कुठे?

ब्रशमध्ये पाणी अडकते कुठे?

दाढीच्या ब्रशचे भाग दोन. हातात धरायची मूठ आणि तिच्या खोबणीत चिकटवलेला केसांचा झुबका. साधारण ब्रशमध्ये मुठीबाहेर दिसणारे केस ५ सेंटीमीटरच्या आसपास असतात. वर ते फुलासारखे मोकळे होतात, खाली मात्र २० ते २४ मिलिमीटर व्यासाच्या जागेत हजारो केस गच्च दाबलेले असतात. त्यांच्या मुळाशी डिंकाचा, आजकाल बहुधा इपॉक्सीचा, थर असतो. म्हणजे पाण्याला वरून आत शिरायला वाट आहे, खालून बाहेर पडायला नाही.

दोन केसांमधल्या फटी जितक्या अरुंद, तितके त्यांतले पाणी घट्ट धरले जाते. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ‘केशाकर्षण’ शिकवतात ते हेच. तिथे काचेची बारीक नळी असते, इथे खरोखरचे केस आहेत. दिव्याच्या वातीत तेल वर चढते किंवा धोतराचे टोक बादलीत पडले की ओल गुडघ्यापर्यंत येते, त्यामागेही हेच बळ असते.

फेस करायला ब्रश उपयोगी पडतो तोही याच गुणामुळे. पाणी धरून ठेवणारा झुबका नसता तर साबणाचा फेस झालाच नसता. दाढी करताना जो गुण हवा असतो, तोच दाढी झाल्यावर त्रासाचा ठरतो.

उलटे टांगल्याने पाणी निथळते का?

थोडे निथळते, पण जिथून निथळायला हवे तिथून नाही.

हे आकड्यांत तपासता येते. फटीची त्रिज्या ०.१ मिलिमीटर धरली तर स्वच्छ पाणी केशाकर्षणाने सुमारे १४ ते १५ सेंटीमीटर उंचीपर्यंत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध टिकून राहू शकते. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो, तरी ही उंची ५ ते ६ सेंटीमीटर राहते. झुबक्याच्या बुडाशी फटी याहूनही बारीक असतात. त्या ०.०५ मिलिमीटर धरल्या तर साबणाच्या पाण्यासाठीही उंची १० सेंटीमीटरच्या वर जाते. ब्रशच्या केसांची पूर्ण लांबीच ५ सेंटीमीटर. म्हणजे बुडाशी अडकलेले पाणी खाली ओढायला गुरुत्वाकर्षण पुरे पडत नाही. ब्रश उलटा टांगा, उभा ठेवा, आडवा टाका, ते पाणी आहे तिथेच राहते. ते जाते ते फक्त बाष्प होऊन, टोकांकडून बुडाकडे हळूहळू. सगळ्यात घट्ट जागा सगळ्यात शेवटी वाळते.

मग टांगणे निरुपयोगी आहे का? तसेही नाही. ब्रश न झटकताच ठेवला तर बाहेरच्या, मोकळ्या केसांतले मोठे थेंब पहिल्या काही मिनिटांत ओघळतात. ब्रश उभा असेल तर ते मुठीच्या सांध्यावर येऊन थांबतात, उलटा असेल तर टोकावरून खाली पडतात. मूठ लाकडी असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे. लाकूड पाणी पिऊन फुगते, वाळताना आकसते आणि असे रोज झाले की डिंकाचा थर सुटू लागतो. प्लास्टिक किंवा धातूच्या मुठीला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण हे थेंब उडवायला स्टँडच लागते असे नाही. मनगटाचे चार जोरदार झटके आणि कोरड्या टॉवेलवर केस दाबून एकदा पुसणे, एवढ्याने स्टँड रात्रभरात काढील त्याहून जास्त पाणी दहा सेकंदांत निघते. झटका देताना लागणारे बळ गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट असते. वॉशिंग मशीनचा ड्रायर याच तत्त्वावर चालतो. त्यात कपडे टांगलेले नसतात, फिरवलेले असतात.

मात्र एक सावधगिरी हवी. ब्रशची टोके मुठीत धरून पिरगळायची नाहीत. ओला केस कोरड्यापेक्षा कमकुवत असतो. पिळल्यावर तो मुळाशी तुटतो आणि गळू लागतो. झुबका तळव्यात घेऊन अलगद दाबायचा.

करंजाडेच्या बाथरूममध्ये अडचण कोणती?

करंजाडे ही सिडकोने पनवेल शहरालगत विकसित केलेली वसाहत. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ इथून जवळच आहे. साडेबारा टक्के योजनेतल्या लहान-मोठ्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या आणि वन-आरके, वन-बीएचके घरांत नोकरदार कुटुंबे राहायला आली. त्यांतली बरीच भाड्याने राहतात. अशा घरात बाथरूमची खिडकी म्हणजे बहुतेकदा डक्टमध्ये उघडणारी काचेच्या पट्ट्यांची झडप. दोन इमारती जवळजवळ असतील तर डक्टमध्ये वारा खेळत नाही. सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान घरातल्या तिघाचौघांच्या आंघोळी होतात, गीझरच्या पाण्याची वाफ आरशावर बसते आणि त्याच आरशाखालच्या फळीवर ब्रश वाळत घातलेला असतो.

वाळण्याचा वेग ठरतो तो हवेत अजून किती बाष्प मावू शकते यावर. डिसेंबरात दुपारी हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर निम्मी जागा रिकामी आहे. जुलैत ती ९० टक्के असेल तर रिकामी जागा फक्त १० टक्के. तापमान आणि वारा सारखेच धरले तर वाळण्याचा वेग पाचपट कमी होतो. समजा, हिवाळ्यात एखादा ब्रश बुडापर्यंत वाळायला १० तास घेतो. जुलैत त्यालाच ५० तास लागतील. रोज दाढी करणाऱ्याचा ब्रश २४ तासांनी पुन्हा भिजतो. थोडक्यात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत तो एकदाही पूर्ण वाळत नाही. आंघोळीनंतर दार बंद असलेल्या बाथरूममध्ये तर आर्द्रता शंभरीला टेकते. तिथे वाळणे जवळपास थांबतेच. अशा जागी तीनशे रुपयांचे स्टँड आणून ब्रश उलटा टांगला काय आणि न टांगला काय, फरक पडत नाही.

त्यामुळे पहिला निर्णय जागेचा, दिशेचा नंतर. ब्रश बाथरूममधून बाहेर काढायचा. वसाहतीतल्या घरांत ड्राय बाल्कनी असेल तर तिथे, पावसाची झड येणार नाही अशा बाजूला. नसेल तर बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलवर किंवा हॉलमध्ये पंख्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात एखाद्या फळीवर. हवा हलत राहिली की केसांभोवती साचलेले दमट आवरण निघून जाते आणि नवी हवा येते.

उबदार जागा मिळाली तर आणखी चांगले. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३३ अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली येते आणि तिची बाष्प शोषण्याची ताकद चौपटीहून अधिक होते. पाच अंशांचा एवढा परिणाम होतो. फ्रिजच्या ज्या कडेला हात लावल्यावर ऊब जाणवते, तिच्याजवळची जागा म्हणूनच मोजे वाळवायला वापरली जाते. ब्रशही तिथे वाळेल. स्वयंपाकघरात दाढीचा ब्रश ठेवू दिला जाईल का, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या घरातला. हेअर ड्रायरचा गरम झोत किंवा गॅसजवळची जागा मात्र टाळावी. फार उष्णतेने नायलॉनचे केस वाकतात आणि डिंक मऊ पडतो.

त्वचेला धोका किती?

घाबरून जावे असा नाही, दुर्लक्ष करावे असाही नाही. सतत ओल्या राहणाऱ्या, साबणाचे आणि मृत त्वचेचे कण अडकलेल्या वस्तूवर जिवाणू आणि बुरशी वाढते. आंघोळीचा घासणीचा जाळीदार गोळा असो की ब्रश. दाढी करताना पात्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे उठतात आणि केसांच्या मुळांची तोंडे उघडी असतात. दाढीच्या भागात वारंवार केसपुळ्या येत असतील, एकाच जागी लाल, खाजरा चट्टा गोल वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि तोवर ब्रश बाजूला ठेवावा. अशा चट्ट्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावणे ही देशभर होणारी चूक आहे. नायट्याची बुरशी त्याने दबते, मरत नाही. ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव २०२० मध्ये दिली गेलेली बुरशी तर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद देत नाही. तिच्या नावातला ‘इंडो’ भारतावरूनच आला आहे. हा संसर्ग त्वचेच्या संपर्काने आणि टॉवेल-कपडे एकमेकांचे वापरल्याने पसरतो. वडील आणि मुलगा एकच ब्रश वापरत असतील तर तो टॉवेलइतकाच सामायिक झाला, हे लक्षात घ्यावे.

हाच नियम सलूनला. पाते प्रत्येक ग्राहकाला नवे हवे, हे आता लोकांना पटले आहे आणि नाभिक व्यावसायिक ते ग्राहकासमोर फोडूनच लावतात. ब्रशकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. करोनाकाळात राज्यात २८ जून २०२० पासून सलून उघडायला परवानगी मिळाली. तेव्हा केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच मुभा होती. दाढीसह त्वचेशी थेट संबंध येणाऱ्या सेवा बंद ठेवल्या होत्या. वापरलेली साधने प्रत्येक ग्राहकानंतर निर्जंतुक करण्याची अटही होती. तो काळ सरला. ज्यांना शंका वाटते त्यांनी फोमचा डबा वापरायला सांगावे किंवा आपला ब्रश बरोबर न्यावा. ओळखीच्या सलूनमध्ये याचे कोणाला वाईट वाटत नाही.

ब्रशमुळे खरोखरच माणसे दगावल्याचा इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडे गुरांच्या बाबतीत ज्याला काळपुळी म्हणतात त्या रोगाचे, रुग्ण अचानक वाढले. त्यांत सैनिकही होते. शोध घेतल्यावर धागा नव्या दाढीच्या ब्रशांपर्यंत पोहोचला. युद्धामुळे नेहमीचा पुरवठा विस्कळीत झाला होता आणि बॅजर या प्राण्याच्या केसांसारखे दिसावेत म्हणून आयात केलेल्या स्वस्त घोड्याच्या केसांचे ब्रश बाजारात आले होते. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. १९२० मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. जुन्या वस्तू जमवण्याची आवड वाढल्याने अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकाने २०१७ मध्ये हा इतिहास पुन्हा मांडला. आजच्या बाजारातल्या ब्रशांबाबत ही भीती बाळगायचे कारण नाही. पण आजोबांच्या पेटीत सापडलेला किंवा जुन्या बाजारातून आणलेला शंभर वर्षांपूर्वीचा प्राण्याच्या केसांचा ब्रश चेहऱ्यावर फिरवू नये. अँथ्रॅक्सचे बीजाणू साबणाच्या पाण्याने मरत नाहीत आणि घरी उकळून त्याची खात्री देता येत नाही. तो ब्रश कपाटात आठवण म्हणून शोभेल.

केस कोणते, यावर काय ठरते?

बाजारात स्वस्तात मिळणारे ब्रश दोन प्रकारचे. डुकराच्या राठ केसांचे आणि नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचे. बॅजरच्या केसांचे ब्रश महाग असतात आणि बहुधा ऑनलाइन मागवले जातात. पाकिटावर दर वेळी स्पष्ट लिहिलेले नसते. प्राण्याचे केस नको असतील तर गळालेला एक केस चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहावा. प्राण्याचा केस जळताना डोक्याचा केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो.

साठवणुकीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. प्राण्याचा केस नुसता ओला होत नाही, तो पाणी आत शोषतो. भिजल्यावर त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी त्याच्या आत असते. कृत्रिम धागा त्या मानाने फारच थोडे शोषतो. त्यातले पाणी मुख्यतः फटींत असते आणि झटकल्यावर बरेचसे निघून जाते. कोकणच्या पावसाळ्यात रोज दाढी करणाऱ्याने कृत्रिम धाग्यांचा ब्रश घेणे शहाणपणाचे. नैसर्गिक केसांचाच आवडत असेल तर दोन ब्रश ठेवून आलटून-पालटून वापरावेत. वर केलेल्या ५० तासांच्या हिशेबात दोन ब्रशही जेमतेम पुरतात, पण एकापेक्षा बरे.

साबण नीट न निघणे हेही न वाळण्याचे एक कारण. उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी आले की साबण आणि पाण्यातले कॅल्शियम मिळून पांढरट, चिकट साका तयार होतो आणि तो नेमका बुडाशी बसतो. बादलीला पांढरी कड येत असेल तर ब्रशमध्येही ती आहेच. महिन्यातून एकदा कपभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर किंवा चिमूटभर लिंबूसत्व घालून त्यात केस पाचेक मिनिटे बुडवावेत, मग शाम्पूच्या दोन थेंबांनी धुवावेत. मूठ बुडवायची नाही. उकळते पाणी तर अजिबात नाही.

स्टँड घ्यायचेच असेल तर?

स्टँडचा खरा उपयोग ब्रश उलटा करणे हा नाही. ब्रश मगातून, बंद कपाटातून आणि ओल्या फळीवरून उचलून मोकळ्या हवेत ठेवणे, हा आहे. या निकषावर दुकानातली निम्मी स्टँड नापास होतात. कप आणि ब्रश एकात एक बसणारा संच दिसायला छान, पण झुबका कपाच्या तोंडात दबतो. टोपीवाला ब्रश ही तर बुरशीची डबी.

मापे पाहावीत. झुबका आणि मूठ यांच्यामध्ये ब्रशची जी बारीक मान असते, ती स्टँडच्या खाचेत बसते. खाच मानेपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी आणि मुठीच्या फुगीर भागापेक्षा लहान हवी. ब्रश न नेता ऑनलाइन स्टँड मागवले की इथेच फसगत होते. मानेभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजावी आणि तिला ३.१४ ने भागावे. दोरा ६३ मिलिमीटर भरला तर मान २० मिलिमीटरची, म्हणजे खाच २१ ते २२ ची. केसांची टोके स्टँडच्या तळापासून निदान दोन-अडीच सेंटीमीटर वर राहायला हवीत.

धातूबाबत सांगायचे तर, क्रोम चढवलेले लोखंडी स्टँड खाडीजवळच्या दमट हवेत टिकत नाही. खाचेच्या कडेला मुलामा घासला गेला की तिथूनच गंज चढतो आणि ब्रशच्या मानेवर तपकिरी डाग पडतो. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असे दुकानदार सांगतात, ते अर्धसत्य आहे. स्वस्त २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि ते लवकर डागाळते. उलट ३०४ ची तार ओढून-वाकवून केलेली असेल तर तिला चुंबक किंचित ओढतोही.

घरी कसे करता येईल?

सगळ्यात सोपे स्टँड म्हणजे प्लंबिंगच्या दुकानात मिळणारी, पाइप भिंतीला धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप. मानेच्या मापाची क्लिप लाकडी पट्टीला स्क्रूने लावून पट्टी खिडकीच्या ग्रिलला तारेने बांधायची. टाइलला ड्रिल मारायचा नाही, त्यामुळे घरमालकाची परवानगी नको. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दमट टाइलवर पावसाळ्यात दगा देते आणि ब्रश नेमका कमोडमध्ये पडतो.

तारेचे करायचे असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून अर्थिंगची आठ गेजची तांब्याची तार अर्धा मीटर आणावी. ती ४ मिलिमीटर जाडीची असते, हाताने आणि पकडीने वाकते आणि आकार धरून ठेवते. तारेच्या एका टोकाने ८ सेंटीमीटर व्यासाचे वर्तुळ करायचे. एखादा स्टीलचा डबा साचा म्हणून चालतो. हा तळ झाला. तिथून तार सरळ वर, साधारण ९ सेंटीमीटर. मग ती वर्तुळाच्या मध्याकडे आडवी वळवायची आणि टोकाला ‘यू’ आकाराची खाच करायची. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच्या तुकड्याभोवती तार वाकवली की २० मिलिमीटरच्या मानेसाठी नेमकी खाच मिळते. ‘यू’चे तोंड बाजूला उघडे ठेवावे, म्हणजे ब्रश सरकवता येतो. टोक कानशीने गोल करायचे, नाहीतर घाईत बोटाला लागते.

ब्रश टांगल्यावर स्टँड कलंडते का, हे पाहायचे. ब्रशपासून खाली सोडलेली उभी रेघ तळाच्या वर्तुळाच्या मध्याजवळ पडत असेल तर कलंडणार नाही. पडत नसेल तर आडवा भाग थोडा कमी-जास्त वाकवावा. तांबे काही आठवड्यांत काळवंडते, ओलीत हिरवटही होते. चिंच-मिठाने घासले की उजळते. देवाच्या तांब्या-पळीबरोबर एकदा घासले तरी चालेल.

बांबूचे पेर कापून त्यात ब्रश उभा ठेवण्याची टूम देखणी आहे, पण झुबका आत जात असेल तर तो मगच झाला. शिवाय न रंगवलेला बांबू स्वतःच ओल धरतो. फार तर पेराला समोरून रुंद चीर पाडून त्याचा आधार म्हणून उपयोग करावा.

आणि स्टँड करायचे-घ्यायचे नसेल तर बहुतेक ब्रशांच्या मुठीला सपाट बूड दिलेलेच असते. झटकून, पुसून, केस बोटांनी एकदा फुलवून तो कोरड्या फळीवर उभा ठेवला तरी काम होते. आठवडाभर एक पद्धत, आठवडाभर दुसरी अशी तुलना करून पाहायची असेल तर सकाळी दाढीआधी झुबक्याचे बूड वरच्या ओठाला लावावे. ओल असेल तर ते गार लागते. टिश्यू पेपर नसला तरी ही चाचणी कधीही करता येते.

गणपतीला गावी जाताना

वर्षभर नीट ठेवलेल्या ब्रशची वाट लागते ती प्रवासात. गौरी-गणपतीला पनवेलहून कोकणात जाणारी गाडी पहाटेची असते. त्याआधी दाढी उरकून ओला ब्रश पिशवीत कोंबला जातो, वर प्लास्टिकची गाठ. महामार्गावर खड्डे आणि कोंडी लागली तर तो तसाच दहा-बारा तास राहतो आणि गावी पोहोचल्यावर उघडतो तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यापेक्षा आदल्या रात्री दाढी करून ब्रश पंख्याखाली ठेवावा. तेही जमले नाही तर प्लास्टिकऐवजी सुती रुमालात गुंडाळावा, किंवा औषधाच्या गोळ्यांची रुंद तोंडाची रिकामी बाटली घेऊन तिच्या बुडाला आणि झाकणाला गरम सुईने सात-आठ भोके पाडावीत. त्यात झुबका चेंगरत नाही आणि हवा जात-येत राहते. गावी पोहोचल्यावर बॅग उघडली की पहिल्यांदा ब्रश काढून पडवीतल्या दांडीवर टॉवेलशेजारी ठेवायचा. दांडीवर ठेवायला कपड्याचा चिमटा पुरतो. तो मुठीच्या मानेला लावायचा, केसांना नाही.